अब्राहामांच्या दारातले तीन पाहुणे : यहुदी आणि इस्लामी परंपरेतले मोठे देवदूत

भर दुपार. मम्रेच्या झाडांखाली अब्राहाम आपल्या तंबूच्या दाराशी बसलेले आहेत. मान वर करून बघतात तर समोर तीन माणसं उभी. ओळख ना पाळख, तरी ते धावत सामोरे जातात, पाय धुवायला पाणी देतात, सावलीत टेकायला सांगतात. आत जाऊन पत्नी सारेला म्हणतात, लवकर पीठ मळ, भाकरी कर. स्वतः गुरांमध्ये जाऊन एक कोवळं वासरू निवडतात. दही, दूध, रांधलेलं मांस पाहुण्यांपुढं ठेवतात आणि ते जेवत असताना शेजारी उभे राहतात.

तोरा म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ. त्याच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात, हा प्रसंग असा येतो. कुराणातही तो आहे, हूद नावाच्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात. तिथंही पाहुणे येतात, सलाम करतात, इब्राहीम भाजलेलं वासरू आणून ठेवतात. पण पाहुण्यांचे हात ताटाकडं जातच नाहीत. इब्राहीमांच्या मनात धास्ती भरते. दारी आलेला माणूस घरच्या अन्नाला शिवत नसेल, तर त्याच्या मनात काही वाईट तर नाही ना? तेव्हा पाहुणे म्हणतात, भिऊ नका, आम्हाला लूतच्या लोकांकडं पाठवलेलं आहे.

एकच घर, एकच जेवण. एका ठिकाणी पाहुणे जेवतात, दुसऱ्या ठिकाणी जेवत नाहीत. गंमत अशी की यहुदी पंडितांनाही ते ‘जेवले’ हे पटेना. देवदूताला पोट कुठं असतं? म्हणून तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, खुलासा आला : ते जेवल्यासारखे दिसले, इतकंच. म्हणजे हिंडून फिरून दोन्ही परंपरा एकाच जागी आल्या. देवदूत माणसाच्या रूपात येतो, पण माणसासारखा जगत नाही.

हे तिघे होते तरी कोण? तोरा नावं सांगत नाही, कुराणही सांगत नाही. तालमूद सांगतं : मीखाएल, गब्रिएल आणि रफाएल. कुराणाचे भाष्यकार सांगतात : जिब्रील, मीकाईल आणि इस्राफील. गब्रिएल म्हणजेच जिब्रील, मीखाएल म्हणजेच मीकाईल. तिसरं नाव मात्र बदललं. या लेखात मला जे सांगायचं आहे ते या तीन पाहुण्यांभोवतीच फिरतं : हे मोठे देवदूत कुठून आले, त्यांची कामं काय, आणि इतकं मोठं होऊनही त्यांची पूजा का होत नाही.

आधी शब्द पाहू. हिब्रूत देवदूताला ‘मलाख’ म्हणतात, अरबीत ‘मलक’, आणि आपल्याकडं उर्दूतून आलेला ‘फरिश्ता’ हा मूळचा फारसी शब्द. तिन्हींच्या पोटात एकच अर्थ आहे : पाठवलेला. आपल्या बोलीत यासाठी फार नेमका शब्द आहे, निरोप्या. तोरामध्ये ‘मलाख’ हा शब्द साध्या माणसासाठीही येतो. याकोब आपल्या भावाकडं, एसावकडं, माणसं पाठवतात, त्यांनाही मलाखच म्हटलंय. म्हणजे मलाख ही आधी जात नव्हती, काम होतं. कुणाचा तरी निरोप घेऊन निघालेला, तो मलाख. पंख, तेज, सिंहासनाभोवतीच्या रांगा हे सगळं पुढं जोडलं गेलं.

‘आद्यदेवदूत’ हा शब्द मराठी बायबल वाचणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. तो ग्रीक शब्दावरून आला. हिब्रूत अशा मोठ्या दूताला ‘सार’ म्हणतात, म्हणजे सरदार. इस्लाममध्ये ‘मुकर्रब’, म्हणजे देवाच्या जवळचा, असा शब्द वापरतात. एका भाषेत दरबारातली पदवी, दुसरीत जवळीक. मला स्वतःला दुसरा शब्द जास्त बोलका वाटतो.

आता नावांची गोष्ट, आणि ती खरोखर विलक्षण आहे. जुन्या कथांमध्ये देवदूत नाव सांगायला तयार नसतो. याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी कुस्ती खेळतात, पहाट होते, ते विचारतात, तुझं नाव काय? उत्तर येतं, माझं नाव कशाला विचारतोस? शास्ते या पुस्तकात शमशोनाचे वडील मानोहा असंच विचारतात. त्यांनाही तेच उत्तर मिळतं, वर एवढंच की ते नाव अद्भुत आहे. निरोप महत्त्वाचा, आणणाऱ्याचं नाव विचारायचं कारण नाही, असा त्या कथांचा सूर आहे.

मग नावं आली कुठून? यरुशलेमी तालमूदमध्ये एक वाक्य आहे, आणि ते इतिहासकारालाही शोभेल : देवदूतांची नावं बाबिलोनहून आमच्याबरोबर आली. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या राजानं यरुशलेमचं मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं. परक्या मुलखात, मोठमोठ्या साम्राज्यांच्या सावलीत राहिलेले हे लोक परतले तेव्हा त्यांच्या कल्पनेतला स्वर्गही बदलला होता. तिथं आता दरबार होता, सरदार होते, आणि सरदारांना नावं होती. हे मी सांगत नाही, हे रब्बींनीच, यहुदी धर्मपंडितांनीच, कबूल करून ठेवलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये नावानिशी दोनच देवदूत भेटतात, आणि दोघंही एकाच पुस्तकात, दानिएलमध्ये. गब्रिएल संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी येऊन दानिएलला दृष्टान्ताचा अर्थ उलगडून सांगतो. मीखाएल हा ‘मुख्य सरदारांपैकी एक’ आहे. एके ठिकाणी दूत दानिएलला सांगतो की पारसाच्या राज्याच्या सरदारानं मला एकवीस दिवस अडवून धरलं, तेव्हा मीखाएल मदतीला आला. इथं प्रत्येक राष्ट्राला स्वर्गात आपापला एक सरदार आहे अशी समजूत दिसते, आणि इस्राएलचा सरदार मीखाएल. पृथ्वीवर चिमूटभर असलेल्या, कायम कुणाच्या तरी अंमलाखाली असलेल्या लोकांना या कल्पनेनं किती धीर दिला असेल.

बाकीची नावं बायबलच्या बाहेरच्या ग्रंथांतून येतात. हनोखच्या पुस्तकात मोठ्या दूतांची यादी आहे : उरीएल, रफाएल, रगुएल, मीखाएल, सरीएल, गब्रिएल, रमीएल. हे पुस्तक यहुद्यांनी आपल्या धर्मग्रंथात घेतलं नाही. ते पूर्ण स्वरूपात टिकलं इथिओपियात, तिथल्या गीझ भाषेत. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत १९४७ पासून जी हस्तलिखितं सापडत गेली, त्यांत त्याचे अरामी भाषेतले तुकडे मिळाले. त्याच गुहांतल्या एका गुंडाळीत अखेरच्या युद्धाचं वर्णन आहे, आणि तिथं सांगितलंय की सैन्याच्या ढालींवर मीखाएल, गब्रिएल, सरीएल आणि रफाएल ही नावं लिहावीत. म्हणजे नाव सांगायला नकार देणारा दूत काही शतकांत ढालीवर येऊन बसला.

नावांचे अर्थ लक्षात ठेवले तर पुढचं बरंच सोपं होतं. सगळ्यांच्या शेवटी ‘एल’ आहे, म्हणजे देव. गब्रिएल, देव माझं बळ. रफाएल, देवानं बरं केलं. आजच्या हिब्रूत डॉक्टरला ‘रोफे’ म्हणतात, तो याच धातूतला. उरीएल, देव माझा प्रकाश. आणि मीखाएल हे तर नाव नसून प्रश्न आहे : देवासारखा कोण? हा प्रश्न वसई, वांद्रे, गोव्यात कित्येक मायकल रोज आपल्या नावात घेऊन फिरतात. कुणी मीखाएललाच देव मानायला निघालं, तर त्याचं नावच आडवं येतं.

यहुदी परंपरेत देवदूतांच्या कामाचा एक पक्का नियम आहे, आणि तो मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या कथारूप भाष्यांत, स्वच्छ शब्दांत लिहिलेला आहे : एक दूत दोन कामं करत नाही आणि दोन दूत मिळून एक काम करत नाहीत. म्हणून तर अब्राहामांकडं तिघे आले. सारेला मुलगा होणार हा निरोप मीखाएलचा. सुंता होऊन तिसराच दिवस असलेल्या अब्राहामांना बरं करणं रफाएलचं. सदोम हे शहर उलथवणं गब्रिएलचं.

पण इथं एक पेच आहे. पुढच्याच अध्यायात सदोमला पोचतात ते दोन दूत. निरोप देऊन झालेला एक परतला हे समजलं. शहर उलथवायला गब्रिएल लागणार हेही समजलं. मग दुसरा कशाला? तिथं राहणाऱ्या लोटाला, म्हणजे कुराणातल्या लूतला, वाचवायला. तो कोण? तालमूद म्हणतं मीखाएल. मिद्राश म्हणतं रफाएल. अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार राशी रफाएलच्या बाजूचे. आजाऱ्याला बरं करणं आणि बुडत्याला वाचवणं ही एकाच जातीची कामं, त्यामुळं नियम मोडत नाही, असा या बाजूचा युक्तिवाद. हे वाचताना मला वाटतं, या लोकांनी देवदूतांचा विचार किती बारकाईनं केला! त्यांच्या लेखी दूत म्हणजे धूसर, तेजाळ काहीतरी नव्हतं. तो एका कामाचा चालता देह होता. काम संपलं की त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही.

रफाएलची स्वतंत्र गोष्ट टोबितच्या पुस्तकात आहे. हेही यहुदी धर्मग्रंथात नाही, पण यहुद्यांनीच लिहिलेलं. रफाएल परका वाटाड्या बनून तरुण टोबियाबरोबर लांबचा प्रवास करतो. वाटेत पकडलेल्या माशाचं पित्त पुढं टोबियाच्या आंधळ्या बापाच्या डोळ्यांना लावलं जातं आणि त्याला दिसू लागतं. शेवटी मजुरी द्यायची वेळ येते, तेव्हा वाटाड्या आपली ओळख सांगतो. आणि काय सांगतो? इतके दिवस तुम्ही मला पाहिलंत, पण मी काही खाल्लं-प्यायलं नाही. पुन्हा तोच जेवणाचा मुद्दा.

मीखाएल आणि गब्रिएल यांच्याबद्दलची माझी आवडती कल्पना मिद्राशमध्ये आहे. मीखाएल हिमाचा बनलेला, गब्रिएल आगीचा. दोघं शेजारी उभे असतात, पण हिम आगीला विझवत नाही आणि आग हिमाला वितळवत नाही. ईयोबच्या पुस्तकात ‘तो आपल्या उच्च स्थानी शांती राखतो’ असं वचन आहे, त्याचा हा अर्थ लावलाय.

आता इस्लामकडं वळू. इथं फरिश्त्यांवर श्रद्धा ठेवणं हा ईमानाचा, म्हणजे धर्मश्रद्धेचा, भागच आहे. अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर, या सहा गोष्टींत फरिश्त्यांचा क्रम दुसरा. ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातल्या एका हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या नोंदलेल्या वचनानुसार, फरिश्ते नूरपासून, म्हणजे प्रकाशापासून, घडवले गेले. जिन्न धूर नसलेल्या आगीपासून आणि आदम मातीपासून.

परंपरेत चार मोठी नावं घेतली जातात : जिब्रील, मीकाईल, इस्राफील आणि इज्राईल. पण कुराण उघडलं तर जिब्रीलचं नाव तीन वेळा आणि मीकाईलचं एकदाच सापडतं. इस्राफीलचं नाव हदीसमध्ये येतं, पैगंबरांच्या रात्रीच्या प्रार्थनेत. मृत्यूच्या दूताला कुराण ‘मलकुल मौत’ एवढंच म्हणतं, इज्राईल हे नाव नंतरच्या परंपरेचं. इथंही निरोप्याच्या नावापेक्षा त्याचं काम पुढं आहे.

जिब्रील म्हणजे वह्य, देवाचा संदेश, आणणारा. साल साधारण ६१०. मक्केजवळच्या हिरा गुहेत मुहंमद पैगंबर एकांतात बसलेले असताना तो येतो आणि म्हणतो, वाच. ते म्हणतात, मला वाचता येत नाही. तो त्यांना घट्ट आवळतो, सोडतो, पुन्हा म्हणतो, वाच. असं तीनदा. पैगंबर थरथरत घरी येतात, पत्नी खदीजांना म्हणतात, मला पांघरूण घाला. खदीजा त्यांना आपले वृद्ध चुलतभाऊ वरका इब्न नौफल यांच्याकडं नेतात. जुने ग्रंथ जाणणारे वरका सगळं ऐकून म्हणतात, हा तोच नामूस (देवाचा निरोप आणणारा दूत), जो मूसांकडं (यहुद्यांचे मोशे) पाठवला गेला होता. इस्लामच्या पहिल्याच पानावर हा धागा जुन्या परंपरेला जोडलेला आहे. नवा पैगंबर, पण निरोप्या ओळखीचा.

पुढची २३ वर्षं तो येत राहिला. कधी मूळ रूपात, सहाशे पंखांचा. कधी माणसाच्या रूपात. रमजानमध्ये रोज रात्री येऊन पैगंबरांबरोबर कुराणाची उजळणी करायचा, शेवटच्या वर्षी ती दोनदा केली. मधे एकदा त्याचं येणं लांबलं, तेव्हा पैगंबरांनी विचारलं, तू आणखी वरचेवर का येत नाहीस? याचं उत्तर कुराणात, सूरह मरयममध्ये, आहे : तुमच्या पालनकर्त्याच्या आज्ञेशिवाय आम्ही उतरत नाही. या उत्तरात केवढं काही आहे! दोघांत जिव्हाळा आहे, भेटीची ओढ आहे, पण येण्याजाण्याची मुखत्यारी फरिश्त्याकडं नाही.

जिब्रीलला अगदी जवळून पाहायचं असेल तर पैगंबरांचे सोबती उमर यांनी सांगितलेली हदीस वाचावी. पैगंबर आणि सोबती बसलेले आहेत. एक माणूस येतो. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर. अंगावर प्रवासाची एक खूण नाही, आणि तरी त्याला इथं कुणीच ओळखत नाही. वाळवंटात हे अशक्यच. गावातला असता तर ओळखीचा असता, बाहेरून आला असता तर धुळीनं माखला असता. तो सरळ पैगंबरांसमोर बसतो, गुडघ्याला गुडघा लावून, हात मांडीवर ठेवून. विचारतो, इस्लाम म्हणजे काय? ईमान म्हणजे काय? एहसान (उत्तम रीतीनं भक्ती) म्हणजे काय? प्रत्येक उत्तरानंतर म्हणतो, बरोबर सांगितलंत. ऐकणारे चकित होतात. हा स्वतःच विचारतो आणि स्वतःच पसंतीही देतो? तो निघून गेल्यावर पैगंबर सांगतात, ते जिब्रील होते, तुम्हाला तुमचा दीन, म्हणजे धर्म, शिकवायला आले होते. नमाज, रोजा, जकात, हज असा धर्माचा अख्खा आराखडा या एका बैठकीत येतो, आणि तो काढून घेणारा धुळीचा कण नसलेला एक अनोळखी माणूस.

मीकाईलकडं पाऊस आणि अन्नधान्याची जबाबदारी मानतात. त्याच्याबद्दल कथा कमी आहेत. इस्राफील सूर, म्हणजे कर्णा, फुंकणारा. कुराणात दोन फुंकरींचा उल्लेख आहे : पहिलीनं सगळे कोसळतात, दुसरीनं उठून उभे राहतात. एका हदीसमध्ये पैगंबर म्हणतात, मी निश्चिंत कसा राहू, कर्णा घेतलेल्यानं तो ओठाला लावलाय, मान झुकवलीय आणि तो आज्ञेची वाट बघतोय. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सृष्टीच्या आरंभापासून ओठाला कर्णा लावून थांबलेला कुणीतरी, आणि स्वतःच्या मनानं एक श्वासही न सोडणारा.

दोन परंपरांची एके ठिकाणी थेट गाठ पडते, तीही जरा तणावाची. सूरह बकरामध्ये आयत, म्हणजे वचन, आहे की जो कुणी जिब्रीलचा वैरी असेल त्यानं समजून असावं, त्यानं तर हे अल्लाहच्याच आज्ञेनं उतरवलंय. आणि जो अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे पैगंबर, जिब्रील आणि मीकाल (म्हणजे मीकाईल) यांचा वैरी, अल्लाह त्याचा वैरी. भाष्यकार याची पार्श्वभूमी सांगतात की मदिनेतले काही यहुदी म्हणाले, जिब्रील युद्ध आणि शिक्षा घेऊन येतो, मीकाईल पाऊस आणि सुबत्ता आणतो, तुमच्याकडं मीकाईल आला असता तर आम्ही मानलं असतं. ही हकिगत मुस्लिम परंपरेनं सांगितलेली आहे हे ध्यानात ठेवायला हवं. यहुदी ग्रंथांत गब्रिएलशी वैर दिसत नाही. उलट तालमूद सांगतं की योसेफला एका रात्रीत सत्तर भाषा शिकवल्या त्या गब्रिएलनंच. पण मीखाएल हा इस्राएलचा कैवारी आणि गब्रिएल हा आगीचा, ही विभागणी मात्र त्यांच्याकडं जुनी आहे. त्या संवादाला मागचा संदर्भ होता, एवढं नक्की म्हणता येतं. आयतीचं उत्तर नेमक्या जागी बोट ठेवतं : निरोप आवडला नाही म्हणून निरोप्यावर कसले रागावता, आणि दोन दूतांत पक्ष कसले पाडता?

मृत्यूच्या दूताबद्दल वाचताना मराठी माणसाला यमाची आठवण येणारच. पण यम हा देव आहे, न्याय करणारा आहे, त्याच्याशी नचिकेत वाद घालतो, सावित्री त्याच्याकडून वर मिळवते. इज्राईलला वर देण्याचा अधिकार नाही. त्याला परत जाऊन विचारावं लागतं. हे समजून घ्यायला मूसांची गोष्ट पुरेशी आहे, आणि ती दोन्हीकडं आहे.

हदीसमध्ये ती अशी : मृत्यूचा फरिश्ता मूसांकडं येतो, मूसा त्याला अशी चपराक मारतात की त्याचा डोळा जातो. तो परत जाऊन म्हणतो, ज्याला मरायचं नाही अशा बंद्याकडं तू मला पाठवलंस. अल्लाह त्याचा डोळा परत देतो आणि सांगतो, जा, त्यांना म्हण बैलाच्या पाठीवर हात ठेवा, हाताखाली जितके केस येतील तितकी वर्षं मिळतील. मूसा विचारतात, आणि त्यानंतर? त्यानंतर मृत्यू. मग आत्ताच येऊ दे, मूसा म्हणतात. फक्त पवित्र भूमीच्या जवळ, दगड फेकला तर पोचेल इतक्या अंतरावर.

मिद्राशमध्ये मोशेंचा प्राण आणायला देव आधी गब्रिएलला सांगतो. तो नकार देतो. मीखाएल म्हणतो, मी त्यांचा गुरू, ते माझे शिष्य, त्यांचा मृत्यू मला बघवणार नाही. मग समाएल हा दुष्ट दूत जातो, त्याला मोशे काठीनं पिटाळून लावतात. शेवटी देव स्वतः उतरतो. मीखाएल मोशेंचं अंथरूण घालतो, गब्रिएल वस्त्र पसरतो, आणि देव एका चुंबनानं त्यांचा प्राण घेतो. दूतांनी मागं सरून बिछाना घालावा आणि शेवटचं काम धन्यानं हातानं करावं, हे वाचताना माझा गळा दरवेळी दाटून येतो.

इथं आपण मूळ प्रश्नाशी येतो. एवढे मोठे दूत, तर लोकांनी त्यांनाच का हाक मारू नये? दोन्ही परंपरांना ही भीती कायम होती, म्हणून जागोजागी कुंपण घातलेलं दिसतं. यरुशलेमी तालमूद म्हणतं, माणसाचा एखादा मोठा आश्रयदाता असेल तर अडचणीच्या वेळी तो थेट आत शिरत नाही. दाराशी उभा राहतो, नोकराला हाक मारतो, नोकर आत वर्दी देतो, मग बोलावणं येतं किंवा येत नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांतलं चित्र याहून वेगळं नाही. पुढं देव म्हणतो : माझ्याकडं तसं नाही. संकट आलं तर मीखाएलला हाक मारू नका, गब्रिएललाही नको. मला हाक मारा, मी लगेच ओ देईन.

याच कुंपणाची कडक गोष्ट मेटाट्रॉनची. एलिशा बेन अबुया हे पंडित स्वर्गात पोचले, त्यांना मेटाट्रॉन हा दूत बसून लिहिताना दिसला. स्वर्गात कुणी बसत नाही हे त्यांना माहीत होतं. हा बसलाय, म्हणजे वर दोन सत्ता तर नाहीत? मेटाट्रॉनला लिहिण्यासाठी बसायची मुभा होती, त्याची चूक काहीच नव्हती. तरी त्याला बाहेर नेऊन आगीचे साठ फटके मारले : त्यांना बघून उठला का नाहीस? केवळ गैरसमज होऊ दिला म्हणून एवढी शिक्षा.

आणि अब्राहामांची भट्टी. निम्रोद राजा त्यांना आगीत टाकतो. तालमूदमध्ये गब्रिएल पुढं होतो, मी उतरून आग थंड करू का? देव म्हणतो, मी माझ्या जगात एकटा, तो त्याच्या जगात एकटा; एकट्याला एकट्यानंच वाचवावं हे शोभतं. मुस्लिम भाष्यकारांच्या सांगण्यात इब्राहीम आगीकडं फेकले जात असताना जिब्रील मधेच भेटतो, काही हवंय का? ते म्हणतात, तुझ्याकडून? नाही. मग कुराणातली आज्ञा येते : आगी, इब्राहीमसाठी थंड हो, सलामती हो. एका कथेत दूताला देव थांबवतो, दुसरीत माणूसच थांबवतो. माणसाचा तो नकार मला जास्त भिडतो.

माणूस दूतांपेक्षा कमी नाही, हेही दोन्हीकडं सांगितलंय. कुराणात अल्लाह आदमला घडवतो तेव्हा फरिश्ते विचारतात, पृथ्वीवर फसाद करणारा, रक्त सांडणारा का निर्माण करतोस? मग आदम सगळ्यांची नावं सांगतो, फरिश्त्यांना ती येत नाहीत, आणि त्यांना आदमपुढं झुकायला सांगितलं जातं. मिद्राशमध्येही देव प्राणी आणून दूतांपुढं उभे करतो, दूतांना नावं सुचत नाहीत, आदम एकेकाचं नाव सांगतो.

हे सगळं ग्रंथांतच राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. नमाजच्या शेवटी मान उजवीकडं आणि डावीकडं वळवून सलाम केला जातो, तो शेजारच्या माणसांबरोबरच फरिश्त्यांनाही पोचतो असं मानतात. शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस सुरू होताना, सभास्थानातून घरी परतणाऱ्या यहुदी माणसाबरोबर दोन दूत येतात, एक भला, एक बुरा. दिवा लागलेला, टेबल मांडलेलं, अंथरूण नीट असेल तर भला म्हणतो, पुढचा शब्बाथही असाच असो. बुऱ्याला मनाविरुद्ध ‘आमेन’ म्हणावं लागतं. घर विस्कटलेलं असेल तर उलटं. म्हणून घरोघरी त्या दूतांना ‘शालोम अलेखेम’ म्हणत गाण्यानं आत घेतात, आणि शेवटच्या कडव्यात सुखानं जा म्हणून निरोपही देतात.

हाच शब्बाथ पाळणाऱ्या कोकणातल्या यहुद्यांना, बेने इस्रायलींना, आपण ‘शनिवार तेली’ म्हणायचो, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा ही पोथी हिब्रूबरोबर मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली होती. मिसरमधून सुटका कुणी केली, याचं हग्गादेतलं उत्तर असं आहे : मी, दूत नव्हे. मी, सराफ (आगीसारखा तेजस्वी दूत) नव्हे. मी, निरोप्या नव्हे. मीच तो, दुसरा कुणी नाही.

आणि झोपण्यापूर्वी मुलांकडून म्हणवून घ्यायची एक छोटी प्रार्थना आहे. तिच्यात चौघं चार बाजूंना उभे राहतात. माझ्या उजवीला मीखाएल, डावीला गब्रिएल, पुढं उरीएल, मागं रफाएल. डोक्यावरची जागा त्यांच्यापैकी कुणालाच दिलेली नाही : आणि माझ्या माथ्यावर देवाची शेखिना, त्याचं सान्निध्य.